बावीस बायकांची कसम

गुरुवार, ९ नोव्हेंबर

प्रिय भाईजान,

अस्सलाम अलैकुम. तू, भाभी आणि मुली मजेत असाल. अम्मीचा गुडघा आता बरा आहे, म्हणजे ती पुन्हा जिना चढून माझ्या खोलीत येते आणि माझ्याकडे आलेल्या बायकांना माझ्याआधीच सल्ला देऊन टाकते. काल एकीला म्हणाली, "आठ दिवस नवऱ्याशी बोलूच नकोस, आपोआप सरळ होईल." समुपदेशन शिकण्यात मी घालवलेली सहा वर्षं तिने एका वाक्यात गुंडाळून ठेवली. बाई मात्र खूश होऊन गेली.

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भावाला पत्र लिहिते म्हणून भाभी हसत असेल. हसू दे. फोनवर विषय निघाला की तू म्हणतोस, अजानची वेळ झाली. मंगळवारी सकाळी साडेदहाला म्हणालास. साडेदहाला कुठली अजान असते रे? मशिदीचा इमाम तू आहेस, मी नाही, पण एवढं मलाही कळतं. पत्र मध्येच कापता येत नाही, म्हणून पत्र.

विषय तुला माहीत आहे. गेल्या रविवारी माझ्या खोलीत जे झालं, तो.

आधी काजवालीबद्दल. तिला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "मौलवीसाहेबांना सांगा, बाकी कुणाला नको." ती कोण ते तुला ठाऊक आहेच. घरी बसून शर्टांची काजं करणारी, दीड वर्षापूर्वी तूच माझ्याकडे पाठवलेली. नमाजाआधी वुजूला बसली की तासभर उठायची नाही. हात धुतला की नाही, कोपरापर्यंत पाणी पोचलं की नाही, एक केस कोरडा राहिला असेल तर नमाज झाली की नाही. हातांना भेगा पडून पांढऱ्या शर्टांवर रक्ताचे ठिपके लागायचे आणि कारखान्यातून माल परत यायचा. घरचे म्हणायचे, किती दीनदार बाई! तू एकट्याने ओळखलंस की ही दीनदारी नाही, हा वसवसा आहे, मनाचा आजार आहे.

मग आपण दोघांनी काय केलं, आठवतं? तू मसला सांगितलास: प्रत्येक अवयव तीनदा धुवायचा, चौथ्यांदा धुणं हे दीनाने मागितलेलंच नाही. आणि एकदा सांगितल्यावर तिने कितीही विचारलं तरी दुसऱ्यांदा सांगायचं नाही, कारण दर वेळी खात्री दिली की शंका अजून वाढते, हे मी तुला सांगितलं. तू ते ऐकलंस. ती मशिदीच्या दारात उभी राहून रडली तरी तू बोलला नाहीस, वर माझ्या खिडकीकडे बोट दाखवलंस. मी तिला नळापासून उठवायचे आणि शंका मनात तशीच ठेवून बसायला शिकवायचे. सात महिने लागले. माझ्या कॉलेजातल्या बाईंना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, असा इमाम आम्हाला शोधून सापडत नाही. मी तेव्हा किती फुशारले होते तुला सांगितलं नाही.

ती बाई सोमवारपासून पुन्हा नळावर बसली आहे. माझ्या खिडकीतून तिचा नळ ऐकू येतो. काल अकरा वेळा.

कारण कसम. रविवारी माझ्याकडे बायकांची बैठक होती, दर रविवारी असते तशी. ठेकेदारीण आली. तिचा नवरा निवडणुकीला उभा आहे हे सांगायला तिने अर्धा तास घेतला, जसं काही गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर त्याचं तोंड चिकटवलेलं नाही. मग ती म्हणाली, पाक किताबेवर हात ठेवून सगळ्या कसम घेऊ या की मत आपल्याच माणसाला. "मत गुप्त असतं बायांनो, पण वर बघणारा आहे." तू दारात उभा होतास. तू दुआ पढलास. बावीस बायकांनी हात ठेवले. मी तेव्हा चहाचं बघायला आत गेले होते.

आता काजवालीला वाटतं, दुसऱ्या उमेदवाराचा, त्या नर्सबाईचा, नुसता विचार मनात आला तरी कसम मोडली. तिची मुलगी नर्सबाईंच्या हातून जन्मली आहे, विचार येणारच. आला की ती हात धुते. तुझ्याकडे विचारायला आली तेव्हा तू म्हणालास, "कसम ती कसम."

भाईजान, तुला पूर्ण मसला माहीत आहे. मला तूच शिकवलास, मी अकरा वर्षांची असताना, धाकट्या चुलत बहिणीशी कधीच बोलणार नाही अशी कसम खाऊन बसले होते तेव्हा. कसम खाल्ल्यावर दुसरं काही जास्त चांगलं दिसलं तर चांगलं ते करायचं आणि कसमेचा कफ्फारा द्यायचा, दहा गरिबांना जेवू घालायचं किंवा कपडे द्यायचे, ऐपत नसेल तर तीन रोजे. बस. वाट बंद नाही. तू मला त्या दिवशी धाकटीसमोर नेऊन उभं केलंस आणि आम्हाला हसवलंस.

मतदान एकोणीसला आहे. मधे दोन शुक्रवार. जुम्म्याच्या खुतब्यात एवढं एकच वाक्य बोल. मत कुणाला द्या ते सांगू नकोस. नर्सबाईचं नाव घेऊ नकोस. फक्त सांग की वाट बंद नाही.

तुझी,
छोटी


बुधवार, १५ नोव्हेंबर

भाईजान,

अस्सलाम अलैकुम. तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. भाभीने डब्यावर ठेवून पाठवलं, डब्याबद्दल तिला शुक्रिया सांग, उत्तराबद्दल तुला सांगत नाही.

गेला शुक्रवार तू सब्रवर बोललास. पंचवीस मिनिटं. सब्र कुणी करायचा ते मात्र सांगितलं नाहीस.

तू लिहितोस: "तू तुझं समुपदेशन बघ, मसले माझ्यावर सोड. आणि चहा उकळत होता म्हणतेस, तर पहिला हात कुणाचा होता तेही लिही."

लिहिते. तुला वाटलं असेल मी गप्प बसेन.

चहा उकळत नव्हता. चहा झाला होता, कपबशा धुऊनही झाल्या होत्या. ठेकेदारणीने किताब आणली नव्हती. तिने मला विचारलं, तुमच्याकडे असेल ना? मी कपाट उघडलं, वरच्या खणातून काढली, रुमाल सोडला, टेबलावर ठेवली. तरी बायका एकमेकींकडे बघत बसल्या होत्या. कुणी पुढे येईना. मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या. भाईजान, ज्या बायका नवऱ्याला, सासूला, मुकादमाला 'नाही' म्हणायला माझ्याकडे शिकतात, त्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आणि मी हात ठेवला. पहिला.

माझ्यामागून एकवीस हात आले. शेवटचा काजवालीचा. तो ठेवताना तिने आधी तो ओढणीला पुसला, दोनदा. मी ते बघितलं. माझं कामच आहे ते बघण्याचं. बघितलं आणि गप्प बसले.

का ठेवला? ठेकेदाराने मला वर अजून एक खोली बांधून देतो म्हटलं होतं. बायकांसाठी वेगळं दार, आवाज बाहेर जाणार नाही अशा भिंती. तुला माहीत आहे आत्ता काय होतं. एक बाई आत रडते आणि दुसरी बाकावर बसून सगळं ऐकते आणि नंतर तिला विचारते, मग पुढे काय झालं? मला ती खोली हवी होती. स्वप्नात मी तिला पडदेसुद्धा लावले होते. आणि गंमत सांगू? मी मत त्यालाच देणार होते. आपल्या गल्लीतलं गटार बारा वर्षं कुणी झाकलं नव्हतं, त्याने झाकलं. मला वाटलं, मी देणारच आहे, मग हात ठेवला तर काय बिघडलं?

हेच बिघडलं. मी माझ्या मर्जीचं मत एकवीस जणींच्या गळ्यात कसम करून बांधलं. माझी चूक तुझ्यापेक्षा मोठी आहे. तू दारात होतास, मी टेबलाशी होते.

पण आता माझी चूक मी उघडी केली म्हणून तुझी झाकली जात नाही. तू लिहितोस की कुणी कुणाचा हात धरून ठेवला नव्हता. खरं आहे. दारात इमाम, समोर उमेदवाराची बायको, टेबलाशी त्यांची समुपदेशक, मधे पाक किताब. हात धरायला अजून कोण हवं होतं? लोकांकडून मत मागायचं तर ठेकेदाराने गटार दाखवावं, गटार चांगलं आहे. त्याने किताब का दाखवावी?

आणि मत म्हणजे साक्ष आहे, हे तुझंच वाक्य आहे, मागच्या निवडणुकीचं. लोकांना तू म्हणाला होतास, घरी बसू नका, खोटी साक्ष देऊ नका, जो लायक वाटेल त्याच्या नावाने खरी साक्ष द्या. मला किती आवडलं होतं ते! साक्ष द्यायच्या आधीच ती कुणाला वाहून टाकता येते का? सांग ना. तू आलिम आहेस.

मशिदीच्या कमिटीत ठेकेदाराची तीन माणसं आहेत, हे मला कळतं. तुझं घर कमिटीचं, माझी खोली कमिटीची. दोघांच्याही डोक्यावर एकच छप्पर आहे आणि ते त्यांच्या हातात आहे. भाभीला दिवस गेले आहेत हेही मला माहीत आहे, अम्मीने सांगितलं. मी तुला भित्रा म्हणत नाही. तुला भीती वाटते असं म्हणते. माझ्या धंद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अब्बांचं एकच सांगते. दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडून होते, आणि सगळी बिरादरी म्हणत होती, ईमान कमजोर झालं. तू बावीस वर्षांचा होतास, नुकताच मदरशातून आलेला. या सगळ्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर तू म्हणालास, "दुआही करू आणि डॉक्टरही करू, आणि माझ्या बापाच्या ईमानाबद्दल पुन्हा कुणी बोलायचं नाही." तेव्हाही घर कमिटीचंच होतं. त्या दिवशी मी ठरवलं मला काय व्हायचंय. माझा धंदा मला कॉलेजने दिला नाही, तू दिलास. म्हणून तुझ्याकडून ऐकायचं आहे मला, दुसऱ्या कुणाकडून नाही.

परवा शेवटचा शुक्रवार. तू बोललास तर मी तुझे पाय धरीन. नाही बोललास तर नमाजानंतर मी बोलेन. लपून नाही, चिठ्ठ्या वाटून नाही. मशिदीतल्या बायकांच्या नमाजाच्या खोलीत उभी राहून, ठेकेदारीण समोर असेल तरी. पहिला हात माझा होता, तो सगळ्यांसमोर मागे घेणं माझ्यावर लागू आहे.

हे सांगून ठेवते आहे, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की पाठीमागून केलं.

तुझी बहीण


सोमवार, २० नोव्हेंबर

भाईजान,

अस्सलाम अलैकुम. अम्मी बरी आहे. तिला काही विचारू नकोस, ती दोघांवरही रागावली आहे आणि स्वयंपाकघरात भांडी मोठ्याने ठेवते आहे.

शुक्रवारी मी तुझा आवाज स्पीकरवर ऐकत बसले होते. शेवटच्या क्षणापर्यंत मला वाटत होतं, आता बोलशील. तू पाण्यावर बोललास. वुजूला पाणी जपून वापरा, उधळपट्टी करू नका. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, कारण काजवाली बाहेर नळावर होती. तुझं पाण्याचं बोलणं तिने नळाखाली हात धरून ऐकलं असेल. तुला हे मुद्दाम सांगते आहे. लागू दे.

नमाज आटोपली तशी मी उभी राहिले. म्हटलं, "बायांनो, दोन रविवारांपूर्वी मी तुमच्याआधी हात ठेवला. ते चुकलं. मी माफी मागते. ज्यांना त्याच उमेदवाराला मत द्यायचं आहे त्यांनी खुशाल द्यावं. ज्यांना दुसरं जास्त योग्य दिसतं, त्यांनी योग्य ते करावं आणि कफ्फारा द्यावा. वाट बंद नाही."

ठेकेदारीण म्हणाली, "हे सांगणं तुमचं काम नाही."

मी म्हटलं, "बरोबर आहे. ज्यांचं काम आहे ते पाण्यावर बोलून मोकळे झाले."

भाईजान, बायका हसल्या. तुझ्यावर हसल्या, ते मला आवडलं नाही, पण मी शब्द मागे घेतला नाही. एक म्हातारी म्हणाली, मौलवीसाहेब सांगतील तेव्हाच खरं. दुसरी म्हणाली, ते सांगेपर्यंत निवडणूक संपेल, खाला. मग चांगलंच भांडण जुंपलं. मला ते भांडण फार आवडलं. त्या रविवारी एवढ्या जणी असून एक चकार शब्द निघाला नव्हता.

काजवाली दारात ओल्या हातांनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. जवळ येऊन म्हणाली, "नक्की ना, आपा? अगदी नक्की?"

मला किती वाटलं की म्हणावं, हो ग, नक्की, शंभर वेळा नक्की. पण मी म्हटलं, "एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा विचारू नकोस." ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने, आणि मला त्या रागाचा आनंद झाला.

कालचं तू अर्धं बघितलंस, अर्धं मी सांगते. शाळेच्या आवारात दोन रांगा. तू पुरुषांच्या रांगेत आमच्या जवळजवळ बरोबरीला, ठेकेदाराची माणसं तुझ्या मागेपुढे. काजवाली माझ्या पुढे. बोटाला शाई लावणाऱ्या माणसापाशी ती थबकली. बोट पुढे करेना. तो म्हणाला, बाई, लवकर. ती पांढरीफटक. मला कळलं. कसमेचं ती कशीबशी मागे टाकून आली होती आणि आता ही शाई. नखावर शाई राहिली तर खाली पाणी पोचणार नाही, म्हणजे वुजू नाही, म्हणजे पुढचे कित्येक दिवस नमाज नाही. शिकलेल्या माणसाला हसू येईल. मी त्या बाईबरोबर सात महिने बसले आहे, मला हसू आलं नाही.

मी काही बोलणार, एवढ्यात तू बोललास. आपल्या रांगेतून, मान उंचावून, अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असं: "शाई नुसता रंग आहे, तिचा थर नसतो. वुजू होतो. लाव बोटाला."

काजवालीने बोट पुढे केलं. आत गेली. तिला वेळ लागला, पण गेली आणि बटण दाबून बाहेर आली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सांगू कुणाला दिलं?" मी म्हटलं, "मला तर मुळीच नको." मग ती चालायला लागली. आवारात नळ आहे, शाळेच्या मुलांचा, चार तोट्यांचा. एक तोटी गळत होती. काजवाली तिच्यासमोरून सरळ गेली, वळून बघितलंसुद्धा नाही. मी रांगेत उभी राहून रडले. लोकांना वाटलं निवडणुकीचं टेन्शन.

मी कुणाला दिलं ते तुलाही सांगणार नाही. निकाल बुधवारी आहे. ठेकेदार जिंकला तर गटाराबद्दल मी त्याचं अभिनंदन करीन.

आज सकाळी माझ्या खोलीला कुलूप होतं. 'दुरुस्तीसाठी बंद', खाली कमिटीचा शिक्का. दुरुस्ती कसली, ते लिहिलेलं नाही. मी दोन खुर्च्या अम्मीकडून आणल्या. जिन्याच्या मधल्या वळणावर दोन खुर्च्या आणि चार गुडघे नीट मावतात. दहा वाजताची बाई आली, अकराची आली, बाराचीही आली. येणारे-जाणारे खालून वर बघतात. बघू देत. उद्या कुणी खुर्च्या उचलून नेल्या तर आम्ही पायऱ्यांवर बसू. पायऱ्यांना कुलूप लावता येत नाही.

ज्यांनी कसम मोडली त्या बायका कफ्फारा एकत्र करणार आहेत. किती जणी ते मी विचारलं नाही, पातेलं मोठं लागेल एवढं कळलं आहे. मत कुणालाही दिलेलं असो, हात मी सगळ्यांसमोर मागे घेतला, म्हणून माझ्या वाटणीचे दहा जण मी एकटी जेवू घालणार. माझा कफ्फारा मला कुणात मिसळायचा नाही.

आता तुझं. शाईचं तू चांगलं केलंस. मनापासून सांगते, त्या एका वाक्याने ती बाई आत गेली, आणि तिच्यासाठी मी तुझी ऋणी आहे. पण काल संध्याकाळपासून मला एकच गोष्ट सुचते आहे. तुझा आवाज शाबूत आहे. ठेकेदाराची माणसं मागेपुढे उभी असताना, कुणी विचारलेलं नसताना, तुला एका घाबरलेल्या बाईसाठी मसला सांगता आला. तो नखावरच्या ठिपक्याचा होता, कुणाचं काही जाणार नव्हतं, म्हणून निघाला. कसमेचाही मसला तेवढ्याच लांबीचा आहे. एका दमात संपतो.

निवडणूक झाली, आता काय उपयोग, असं म्हणू नकोस. ज्यांनी मनाविरुद्ध मत दिलं त्या अजून घरात आहेत, आणि ज्यांनी कसम मोडली त्याही. सगळ्या तुझ्याच मागे नमाज पढतात. पाच वर्षांनी पुन्हा कुणीतरी टेबलावर किताब ठेवायला येईलच. तेव्हा त्या दारात तू असशील, आणि टेबलाशी मी असेन. मी काय करणार हे आता गल्लीला माहीत आहे.

या पत्राचं उत्तर मला पाठवू नकोस. डब्यावर ठेवून तर मुळीच नको. शुक्रवारी स्पीकरवर दे. मी बायकांच्या खोलीत पहिल्या ओळीत बसलेली असेन.

तुझी सख्खी बहीण,
कसम मोडलेली